गार पाण्यानं धुतलेला डाग

चादरीची घडी एकटीनं होत नाही. दोन टोकं एकीनं धरायची, दोन दुसरीनं. ताणायची, झटकायची, मग एकमेकींकडे चालत यायचं, बोटांना बोटं भिडली की आपली टोकं तिच्या हाती द्यायची आणि वाकून खालची लोंबती बाजू उचलायची. हॉटेलामागच्या लाँड्रीत ही जोडी नणंद-भावजयीची होती. नणंद वयानं लहान, तोंडानं मोठी. घडीच्या ठेक्यावर ती ओळी जुळवायची:

चार टोकं चादरीची, दोन तुझी, दोन माझी,
मधे झुलतं आभाळ, शिळी रात्र झाली ताजी.

पुढची जोडओळ भावजयीनं द्यायची, असा दोघींचा खेळ. पण अलीकडे भावजयीकडून ओळ येत नव्हती. तिचं सगळं लक्ष ओटीपोटात लागलेलं असायचं, पाळण्यातलं मूल आत्ता उठेल की मग, असं आईचं लागतं तसं.

समोरच्या भिंतीशी धुण्याची यंत्रं होती. त्यांच्यात पाणी भरायला लागलं की तिच्या आत कुणीतरी कान टवकारायचं. आधी चाहूल, लगेच निकड, आणि दोन्हींच्या मधे एक श्वास घ्यायलाही उसंत नाही. पाण्यातच नोकरी आणि पाण्याचंच भय. म्हणून तिनं प्यायचं पाणी तोडलं. आत काही गेलंच नाही तर बाहेर काय येणार, असा साधा हिशेब. बाटली सकाळी भरून आणायची आणि संध्याकाळी तशीच झाडाला ओतायची. तरीही निकड यायचीच, आणि आता जे थोडं यायचं ते मिरची लागावी तसं झोंबत यायचं.

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता. किरणांचे उपचार संपून वर्ष उलटून गेलं होतं. डॉक्टर म्हणाल्या होत्या, ‘गेला’. घरात सगळ्यांनी तो शब्द पाहुण्याला निरोप द्यावा तसा दारापर्यंत पोचवला आणि दार लावून घेतलं. त्या दिवसापासून ती बरी झालेली बाई होती. बऱ्या झालेल्या बाईनं तक्रार कशाची करायची? खाली कोरडं पडलंय, चालताना खरखरतं, जळजळतं, हे बोलायचं कुणाशी? तपासणीच्या तारखा आल्या, तेव्हा एकदा ताप आला म्हणून सांगितलं, एकदा सुट्टी नाही म्हणून. ताप आला नव्हता. सुट्टी तिनं मागितलीच नव्हती.

आणि आता हे.

त्या दुपारी मोठ्या पलंगाची चादर दोघींच्या मधे ताणलेली होती. मागचं यंत्र भरायला लागलं. भावजयीनं ओठ दाबले, मांड्या आवळल्या, आणि टोकं सोडून पळाली.

“गेली!” नणंद चादर दोन्ही हातांनी वर धरून उभी. “अगं वहिनी, सांगून तरी सोड! मी इथं शिडाच्या होडीसारखी उभी!”

“नळाचं वायसर गेलंय तिचं,” इस्त्रीवाली म्हणाली. “प्लंबर बोलवा.”

सगळ्या हसल्या. पळता पळता तीही हसली. आपणही हसलो की हसण्याची धार बोथट होते, एवढं तिला कळत होतं.

मागच्या न्हाणीघरात दार लावून ती बसली, उठली, आणि तिला आतल्या कपड्यावर डाग दिसला. दिसला म्हणजे नजरेला चाटून गेला. तिनं बघितला नाही. मागच्या वेळीही बघितला नव्हता, त्याच्या मागच्या वेळीही नाही. हात आधीच धावले. तिथं ठेवलेला दुसरा कपडा चढवून ती बाहेरच्या मोरीवर आली, नळ सोडला, डाग काढायची पूड चिमटीनं टाकली आणि चोळायला लागली. परक्यांच्या चादरीवर किती रात्रींचे डाग ती ओळखत होती. हा चहाचा, हा गंजाचा, हा कुणाच्या ओठांच्या रंगाचा. ओळखल्याशिवाय डाग काढताच येत नाही, कारण प्रत्येकाचं औषध वेगळं. फक्त स्वतःचा डाग ती डोळे मिटून काढत होती.

“काय सांडलं गं?” नणंद मागे येऊन उभी होती.

“चहा.”

नणंदेनं नळाच्या धारेखाली बोट धरलं. काढून घेतलं. पुन्हा धरलं.

“चहाला आपण गरम पाणी घेतो,” ती म्हणाली. आवाजातली थट्टा विरघळून गेली होती. “गार पाण्यानं आपण एकच डाग धुतो, वहिनी.”

भावजयीचे हात थांबले. पाणी चालूच होतं. गार पाण्यात बोटं गोठल्यासारखी झाली होती तरी तिनं ती बाहेर काढली नाहीत.

“पाळी तर तुझी किरणांबरोबरच गेली.”

“हो.”

“मग कधीपासून?”

“मधूनमधून. जास्त नाही, वन्सं. ठिपका येतो. एखाद्या वेळी लघवीतच असतो की काय, कळत नाही.”

“कळत नाही म्हणजे? बघितलं नाहीस?”

तिनं ओला कपडा मुठीत झाकला.

“तुला वाटतंय परत आलाय,” नणंद म्हणाली. “वाटतंय म्हणूनच बघत नाहीस. दादाला माहितेय?”

“त्यांना सांगू नका. तुम्हाला माझी शपथ. ते आत्ता कुठं नीट जेवायला लागलेत. आता पुन्हा दवाखान्याच्या त्या बाकावर त्यांना नेऊन बसवू?”

“आणि नाही नेलंस तर?” नणंदेनं नळ बंद केला. “हे बघ, आजच्या दिवस मी काही बोलत नाही. पण उद्याची हमी देत नाही. माझं तोंड तुला ठाऊक आहे, त्याला कडी नाही.”

दोघी परत आल्या. उरलेल्या चादरी घडी झाल्या. नणंदेनं कुठलीच ओळ म्हटली नाही, आणि ती शांतता भावजयीला थट्टेपेक्षा जड गेली.

नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. घराची बाहेरची खोली हेच त्याचं कामाचं ठिकाण. तिथं टर्पेंटाइनचा वास, भिंतीला टेकवलेल्या कोऱ्या पाट्या, आणि एका कडेला अरुंद बाक. त्या बाकावर तो झोपायचा. किरणं चालू होती तेव्हा झोपायला लागला. तिला विश्रांती हवी म्हणून, असं तेव्हा म्हणाला होता. किरणं संपली तरी उशी आत आली नाही. तिनं कधी विचारलं नाही. अंगाला रोगाचा, औषधाचा वास राहिला असेल, मनातून उतरलो असू आपण, पुरुषाच्या जातीला काय विचारायचं, असं ती स्वतःशी बोलायची आणि आतून कडी न लावता झोपायची.

म्हणून तर तिचं स्वतःला धुणं वाढलं होतं. प्रत्येक वेळी लघवीला गेलं की कढत पाणी, वासाचा साबण, आणि वर फरशी पुसायच्या बाटलीतलं जंतुनाशक दोन थेंब. जळजळलं की तिला वाटायचं, लागतंय म्हणजे लागू पडतंय.

त्या संध्याकाळी तो एका दातांच्या दवाखान्याची पाटी रंगवत होता. तिनं चहा खाली ठेवला आणि तिथंच उभी राहिली.

“अहो.”

“हं.”

“मला खालून रक्त जातंय.”

कुंचला अक्षराच्या वळणावर होता. त्यानं वळण पुरं केलं. अर्धं सोडलं असतं तर रंग ओघळला असता. हाताला ते ठाऊक होतं, म्हणून हातानं ते केलं. मग तो कुंचला डब्यात ठेवायला गेला आणि डबाच त्याला सापडेना. डबा समोर होता.

“कधीपासून?”

तिनं सांगितलं.

“आणि तू मला…” त्यानं कपाळावर हात नेला आणि तिथं निळा रंग लागला. “उद्या सकाळी जाऊ. पाटी राहू दे. लोकांचे दात एक दिवस थांबतील.”

ती हसली आणि हसता हसता तिला रडू आलं. तो दोन पावलं पुढं आला, हात उचलला, आणि तिच्या खांद्याला न लावताच खाली घेतला. तिनं ते बघितलं. रक्तापेक्षा तेच तिला जास्त लागलं.

दवाखान्यात तपासायच्या आधी सिस्टरनं आत बोलावलं. पिकल्या केसांची, चष्मा दोरीनं गळ्यात लटकवलेली बाई.

“रंग कसा असतो? गुलाबी की गडद?”

“माहीत नाही.”

“लघवीच्या भांड्यात दिसतो की फक्त कपड्यावर?”

“माहीत नाही.”

“बाई, मला वाटलं तुम्ही लाँड्रीत आहात.” सिस्टरचं बोलणं रागाचं नव्हतं, नवलाचं होतं. “कुठून येतंय हेच तर शोधायचंय. मूत्राशयातून येतंय की योनीतून, त्यावर सगळं आहे. बरं, त्या नळ्या वापरताय ना? निमुळत्या, गुळगुळीत, लहानमोठ्या? डबा दिला होता.”

तो डबा ट्रंकेत लोकरीच्या कपड्यांखाली होता. तो दिला तेव्हा मधल्या बोळात माणसं उभी होती, आणि तिनं लाजून सगळ्याला हो हो म्हटलं होतं.

“उघडलाच नाही,” ती म्हणाली.

“किरणांनंतर आतल्या भिंती आखडतात, एकमेकींना चिकटतात. चिकटू नयेत म्हणून त्या नळ्या. बरं, धुता कशानं?”

इथं मात्र तिच्या जिवात जीव आला. परीक्षेत एक तरी प्रश्न यावा, तसं झालं. तिनं कढत पाणी सांगितलं, साबण सांगितला, जंतुनाशक सांगितलं, दिवसातून कितीदा तेही सांगितलं.

सिस्टरनं चष्मा डोळ्यांवरून काढला आणि छातीवर सोडून दिला.

“चादरीला कातडी नसते हो,” ती हळूच म्हणाली. “तुमची तिथली कातडी किरणांनी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालीय. तिला तुम्ही रोज उकळताय, घासताय. जळजळ होणार नाही तर काय होईल? आणि पाणी पीत नाही, ओठ सांगताहेत तुमचे. मग लघवी घट्ट होते आणि मूत्राशयाला आणखी डिवचते.”

“म्हणजे हे रक्त त्याचंच?”

“ते मी नाही सांगू शकत. ते आत बघूनच कळेल.”

आशेनं वर आलेली ती पुन्हा खाली गेली.

डॉक्टरांनी सगळ्यात लहान उपकरण घेतलं, त्याला जेल लावलं, दर वेळी सांगून मग हात लावला. तरी तिच्या तोंडून कण्हणं फुटलं. बिजागरी गंजलेलं दार कुणीतरी बाहेरून लोटत होतं. छतावर पाण्याच्या ओलीचा एक नकाशा उमटला होता, त्यावर ती डोळे रोवून राहिली आणि तो कसला डाग असेल, कशानं निघेल, याचाच विचार करत राहिली.

“इथं चिकटलंय,” डॉक्टर म्हणाल्या. “आणि कापसाचा बोळा लागताच इथून रक्त येतंय. थोडं तरी इथलं आहे. मी एक बारीक तुकडा तपासायला घेते.” मग लघवीच्या तपासणीचा कागद आला. जंतू नव्हते, पण रक्त तिथंही होतं. “म्हणजे वाटा दोन दिसतात. मूत्राशयात दुर्बीण घालून बघावं लागेल. पुढच्या आठवड्यात या.”

पुढचा आठवडा! तो शब्द डॉक्टरांसाठी केवढासा होता.

घरी परतल्यावर तिनं साबण उचलून भांड्यांच्या मोरीवर ठेवला. साधं कोमट पाणी घेताना अंग चोरल्यासारखं वाटलं, काहीतरी अर्धं टाकून उठतोय असं. पाण्याची बाटली घोट घोट करून संपवली. आणि डाग आला की धुवायच्या आधी उजेडात धरून बघायचा, असं ठरवलं. पहिल्या खेपेला कपडाच हातातून निसटला. मग बघितला. फिका गुलाबी. बघितल्यानं तो कमी झाला नाही, पण त्याला कडा आली. न बघितलेला डाग रात्रीएवढा होता, बघितलेला नखाएवढा.

तरी भीती जागची हलली नाही. नवरा पाटीवर पाटी रंगवत असायचा. एकदा तिनं पाहिलं तर तो एकच अक्षर कापडानं पुसून पुन्हा काढत होता, पुन्हा पुसत होता. लाँड्रीत यंत्र भरायला लागलं की आता नणंदच चादर खाली ठेवायची, “चल, मलाही लागलीय,” म्हणायची आणि तिच्याबरोबर निघायची. इस्त्रीवालीनं तोंड उघडलं तेव्हा नणंद वळून म्हणाली, “आमचं वायसर गेलंय, तुझं तर झाकणच गेलंय!” इस्त्रीवालीनं तोंड मिटलं. मग जरा वेळानं आपल्या स्टुलावरची उशी आणून भावजयीच्या खुर्चीत ठेवून गेली.

दुर्बिणीच्या दिवशी नवरा बाहेर थांबला नाही. “मीही येतो,” म्हणाला. तपासणीच्या पडद्याआड नाही, पण नंतर डॉक्टर बोलतील त्या टेबलाशी. तपासणी झाली. खाली जळजळत होतं. डॉक्टर कागद चाळत होत्या, आणि त्या कागदाच्या सळसळीशिवाय जगात दुसरा आवाज उरला नव्हता.

“गाठ नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “मूत्राशयाचं अस्तर लाल झालंय, त्यावर कोळिष्टकासारख्या नाजूक रक्तवाहिन्या आल्यात. त्या फुटतात. हे किरणांचं मागं उरलेलं आहे. आणि त्या तुकड्यातही कॅन्सर नाही.”

नवऱ्यानं टेबलाची कड धरली.

“म्हणजे तो नाही?” तिनं विचारलं.

“आज तरी नाही.”

“आज तरी म्हणजे?”

“म्हणजे तुम्ही तपासण्या बुडवायच्या नाहीत. रक्त वाढलं, गुठळ्या आल्या, लघवी अडली, तर त्याच दिवशी यायचं. लाजून घरी बसायचं नाही.” मग त्या समजावत गेल्या. तिच्या आजाराला चालेल असं एक मलम, आठवड्यातून ठरल्या रात्री आत लावायचं. कोरडेपणासाठी वेगळं जेल. नळी सगळ्यात लहानपासून, जेल लावून, दुखेल तिथं थांबायचं, ढकलायचं नाही. निकड आली की धावायच्या आधी उभं राहून आतून आवळायचं, लाट ओसरू द्यायची, मग जायचं. “लगेच फरक पडणार नाही. काही महिने जातील. थोडं कायमही राहील, खोटं कशाला सांगू?”

ती मान हलवत होती. या वेळी ऐकून हलवत होती. उठायची वेळ झाली तरी नवरा उठला नाही. कानाची पाळी लाल झाली होती.

“डॉक्टर, एक विचारायचं होतं,” तो टेबलाकडे बघत म्हणाला. “किरणं सुरू झाली तेव्हा तुम्ही सांगितलं होतं, जवळ जायचं नाही. हिच्या. ते… कधीपर्यंत?”

डॉक्टरांनी कागद खाली ठेवले.

“ते उपचारांपुरतं होतं. आणि नंतरचे काही आठवडे.”

“हो का?” तो म्हणाला. “‘नको’ एवढं सांगितलं होतं. पुन्हा ‘हो’ असं कुणी म्हटलंच नाही. मला वाटलं, आपला हात लागला आणि हिला काही झालं तर?”

ती त्याच्याकडे बघत राहिली. वर्षभर ज्याला ती किळस समजत होती, तो नुसता एक नियम होता. आणि तो माणूस तो पाळत बसला होता, सिग्नल बिघडलेल्या चौकात थांबून राहावं तसा.

“चूक आमची,” डॉक्टर म्हणाल्या. “सांगायला हवं होतं. जवळ जा. घाई करू नका, आणि या म्हणतील तेव्हा, तेवढंच.”

बाहेर ऊन कडक होतं. दोघं रस्त्याच्या कडेनं चालत होती, मधे एक माणूस मावेल एवढी जागा सोडून, सवयीनं.

“मला वाटलं होतं, तुम्हाला माझी…” ती म्हणाली.

“काय वाटलं होतं?”

“काही नाही. येडी आहे मी.”

“मग मी कोण?” तो म्हणाला. “बाकावर झोपून झोपून माझी पाठ लाकडाची झालीय.”

ती हसली, आणि हसण्याबरोबर आतून लाट उठली. दुर्बिणीनं चिडलेलं मूत्राशय, त्यात सकाळपासून प्यायलेलं पाणी. रस्त्यावर दोन्हीकडे दुकानं, एकही ओळखीचं नाही. घर लांब. एरवी ती दात दाबून गप्प चालली असती, त्याला न कळेल असं, घरापर्यंत मनात मरत मरत. ती थांबली. आवळून उभी राहिली. लाट वाढतच होती.

“अहो,” ती म्हणाली. “मला जायचंय. आत्ता. मला धरवणार नाही.”

शेजारचं दुकान चष्म्यांचं होतं. तो सरळ आत शिरला. काचेतून तिला दिसलं, तो हात हलवून काही सांगत होता, गल्ल्यावरचा माणूस मागच्या दाराकडे बोट दाखवत होता. एक थेंब निसटला. गार घाम आला. आज तरी, आज तरी, असं काहीतरी तिच्या डोक्यात ठेका धरून चाललं होतं आणि थांबत नव्हतं.

दुकानाचं दार उघडलं. आपला नवरा एवढ्या मोठ्यानं बोलू शकतो हे तिला ठाऊक नव्हतं.

“अगं ये, आहे इथं!”

रस्त्यावरच्या चार माणसांनी वळून बघितलं. तिनं त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यानं हात पुढं केला होता आणि या वेळी तो मागं घेतला नाही. तिनं तो धरला. ती धावली नाही; पण हळूही गेली नाही.